गोरोबांचें थापटणें

संतमंडळी गोरोबा कुंभारांच्या घरीं जमली असतां मुक्ताबाईंनीं कोपऱ्यांतल्या थापटण्याकडे बोट दाखवून हें कशासाठीं म्हणून विचारलें, आणि गोरोबांनीं तेंच उचलून एकेकाच्या डोक्यावर थापटीत कोण भाजलेला व कोण कच्चा हें सांगण्यास आरंभ केला, ही कथा महाराष्ट्रांतील बहुतेक घरीं आजीच्या तोंडून ऐकलेली असते. इतर मंडळी मुकाट्यानें बसून राहिली. नामदेव तेवढे रागावले. ज्याच्याशीं प्रत्यक्ष विठोबा बोलतो, त्याच्या डोक्यावर एका कुंभारानें थापटणें मारावें काय, असा त्यांचा प्रश्न होता. मडकें कच्चें तें हेंच, असा निकाल पडला. कथेचा उत्तरार्ध आजी घाईनें आटोपती घेते. पण आमच्या मतें खरी गोष्ट तेथेंच आहे. नामदेव गाऱ्हाणें घेऊन पंढरीस गेले, तर विठोबानेंहि त्यांना विसोबा खेचरांकडे धाडलें. ज्या घरचे आपण लाडके, त्या घरचा अभिप्राय पुरेसा नव्हे, हें घरच्या धन्यानेंच कबूल केलें.

ही कथा येथें काढण्याचें कारण पारमार्थिक नसून निव्वळ ऐहिक आहे. देशाच्या संरक्षणासाठीं जीं नवीं यंत्रें व शस्त्रास्त्रें निर्माण करावयाचीं, त्यांची कल्पना अगदीं बाल्यावस्थेंत असतांना ती खात्याबाहेरच्या जाणत्यांपुढें ठेवावी कीं नाहीं, याविषयीं आपल्याकडे दोन पक्ष दिसतात. पहिला पक्ष गुप्ततेचा. तो म्हणतो, हीं देशरक्षणाचीं कामें. तीं चार भिंतींच्या आंतच शिजलीं पाहिजेत, आणि बाहेरच्यांस ताट वाढल्यावरच बोलवावें. दुसरा पक्ष खुल्या दाराचा. त्याच्या मतें स्पर्धा लावा, बक्षिसें ठेवा, सर्व देशाकडून कल्पना मागवा, म्हणजे एखादा अज्ञात एडिसन आपोआप पुढें येईल. आमचें म्हणणें या दोघांनाहि रुचणारें नाहीं. बाहेरचा माणूस हवा, आणि तो आरंभींच हवा. पण तो कल्पना देणारा म्हणून जितका हवा, त्याच्या दसपट तो आमच्या कल्पनेवर थापटणें मारणारा म्हणून हवा.

उदाहरण इंग्लंडचें घेऊं, कारण तेथील कागदपत्र केव्हांच उघडे झाले आहेत. १९३२ च्या नोव्हेंबरांत बाल्डविन यांनीं पार्लमेंटांत सांगून टाकलें होतें कीं, बाँबफेकी विमान कांहीं केलें तरी आंत शिरणारच. १९३४ च्या उन्हाळ्यांतील हवाई कवायतींत तें खरेंहि ठरलें. लुटुपुटीच्या शत्रूचीं विमानें आपल्या लक्ष्यांवर बिनदिक्कत पोंचलीं. त्याच वर्षीं हवाई खात्यांतील रो या अधिकाऱ्यानें हवाई संरक्षणासंबंधींचीं दप्तरें चाळलीं, तों त्या भल्या मोठ्या कचेरींत या विषयाचीं अवघीं त्रेपन्न निघालीं. रो यानें वरिष्ठांस स्पष्ट लिहून कळविलें कीं, शास्त्राकडून कांहीं नवा उपाय न मिळाला, तर येत्या दहा वर्षांत उद्भवणारें युद्ध आपण बहुधा हरूं.

अशा प्रसंगीं सरकारी खातें सहसा काय करतें हें वाचकांना सांगावयास नको. खात्यांतल्याच पांच जणांची समिति नेमली जाते, ती खात्याच्याच दप्तरांवरून खात्याच्याच कार्याचा अहवाल तयार करते, आणि अहवाल दप्तरांत जमा होऊन दप्तरें त्रेपन्नाचीं चौपन्न होतात. परंतु त्या खात्याचे शास्त्रीय संशोधनाचे प्रमुख विंपेरिस यांनीं निराळी वाट धरली. त्यांनीं टिझर्ड यांना अध्यक्ष केलें. हे इंपीरियल कॉलेजचे प्रमुख. सभासदांपैकीं ए. व्ही. हिल हे शरीरशास्त्रज्ञ. स्नायूंत उत्पन्न होणाऱ्या उष्णतेच्या अभ्यासाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें होतें, आणि पहिल्या महायुद्धांत त्यांनीं विमानविरोधी तोफांच्या माऱ्याचें गणित केलें होतें. दुसरे ब्लॅकेट हे पदार्थविज्ञानवेत्ते, पण ऐन तारुण्यांत आरमारांत राहून जटलंडची लढाई पाहिलेले. असे हे बाहेरचे लोक, आणि खात्याकडून स्वतः विंपेरिस व चिटणीस म्हणून रो. पहिली बैठक २८ जानेवारी १९३५ रोजीं झाली.

त्या काळीं 'मृत्युकिरणां'च्या वावड्या युरोपभर उडत होत्या. शंभर यार्डांवरून एक मेंढी मारून दाखवील अशा किरणयंत्राला हजार पौंडांचें बक्षीस ब्रिटिश हवाई खात्यानें ठेविलें होतें, असें सांगतात. खुल्या दाराच्या पक्षाला अत्यंत प्रिय असा हा उपाय! बक्षीस कोणी जिंकलें नाहीं, आणि इंग्लंडांतील मेंढ्या निर्धास्त चरत राहिल्या. मग विंपेरिस यांनीं वॉटसन-वॅट या गृहस्थांना साधा प्रश्न विचारला, कीं बिनतारी लहरींनीं वैमानिकाला इजा करणें शक्य आहे काय? वॉटसन-वॅट हे हवाई खात्याचे नोकर नव्हते. स्लाउ येथील रेडिओ-संशोधन केंद्रांत ते मेघगर्जनेमुळें बिनतारी संदेशांत येणाऱ्या खरखरीचा अभ्यास करीत असत. त्यांनीं आपले सहायक विल्किन्स यांजकडून हिशेब करवून घेतला. इतक्या अंतरावर माणसाचें रक्त तापविण्यास किती शक्ति लागेल याचा आंकडा इतका अवाढव्य निघाला कीं, मृत्युकिरणांचा प्रश्न एका कागदावर निकालांत निघाला.

येथें थोडें थांबलें पाहिजे. बाहेरच्या माणसाची पहिली सेवा ही, कीं त्यानें नकार दिला. खात्यांतल्या कोणी हाच नकार दिला असता तर त्याला निरुत्साही, अश्रद्ध, प्रसंगीं देशाभिमानशून्यहि म्हटलें गेलें असतें. वॉटसन-वॅट यांच्या बढतीची दोरी त्या कचेरींत बांधलेली नव्हती. दुसरी सेवा याहून मोठी आहे. त्यांनीं प्रश्नच बदलला. विमान मारतां येत नसेल, पण दुरून शोधतां येईल काय? विल्किन्स यांना आठवलें कीं, जवळून विमान गेलें म्हणजे संदेशांत बिघाड होतो अशी तक्रार टपाल खात्याच्या इंजिनिअरांनीं पूर्वीं नोंदविली होती. टपाल खात्याला ती पीडा वाटली. तिच्यांत देशाचें संरक्षण लपलेलें आहे हें दिसण्यास दोन्ही खात्यांच्या बाहेर उभा असलेला माणूस लागला. २६ फेब्रुवारी १९३५ रोजीं डॅव्हेंट्रीजवळच्या एका शेतांत गाडी उभी करून बी. बी. सी. च्या लघुलहरींच्या साहाय्यानें प्रयोग झाला, आणि आठ मैलांवरचें विमान त्या पडद्यावर उमटलें. समितीच्या पहिल्या बैठकीला तेव्हां एक महिनाहि पुरा झाला नव्हता! ज्याला आज आपण रडार म्हणतों त्याचा इंग्लंडांतला उगम हा असा आहे.

तथापि यंत्र सांपडलें म्हणजे संरक्षण सांपडलें असें नव्हे. जर्मनांचें फ्राया नांवाचें रडार इंग्रजांच्या यंत्राहून कारागिरींत सरसच होतें. इंग्रजांनीं जें अधिक केलें तें असें: किनाऱ्यावरील केंद्रें अद्याप अपुरीं असतांनाच, १९३६ सालीं, टिझर्ड यांनीं बिगिन हिल येथें लढाऊ वैमानिकांना सोबत घेऊन महिनोनमहिने प्रयोग चालविले. शत्रु अमुक ठिकाणीं आहे अशी बातमी आली, तर ती वैमानिकाला कोणत्या शब्दांत, किती सेकंदांत सांगावयाची? त्यानें कोणत्या कोनांत वळावें? यंत्र तयार होण्यापूर्वींच त्याचा उपयोग करणारा माणूस तयार झाला, आणि त्याच्या अडचणींनीं यंत्राला आकार दिला. पुढें हेच रो दूरसंचार-संशोधन संस्थेचे प्रमुख झाले, तेव्हां तेथें रविवारच्या सभा भरूं लागल्या. रणांगणावरून आलेला तरुण वैमानिक, हवाई दळाचा सेनापति आणि प्रयोगशाळेंतला नवशिका शास्त्रज्ञ एका खोलींत बसत, आणि हुद्दा दाराबाहेर ठेवून वाटेल तें बोलत. या सभांना लोक थट्टेनें 'रविवारचें सोव्हिएट' म्हणत.

आतां खुल्या दाराच्या पक्षाकडे वळूं. १९१५ सालीं इंग्लंडांत आरमारासाठीं शोध-मंडळ स्थापन झालें, अध्यक्ष ॲडमिरल फिशर. अमेरिकेंतहि त्याच वर्षीं खुद्द एडिसनच्या अध्यक्षतेखालीं तसेंच मंडळ झालें. दोन्हीं देशांत पत्रांचे ढीग पडले. अमेरिकन मंडळाकडे लाखावर सूचना आल्या; पदरांत पडलें तें अगदींच तुटपुंजें. ब्रिटिश मंडळानें पाणबुड्यांचा माग काढण्यासाठीं सर्कशींतले समुद्रसिंह शिकवून पाहिले! आम्ही या लोकांना हंसत नाहीं. समुद्रांत रोज जहाजें बुडत असतां मनुष्य काय करून पाहणार नाहीं? पण त्याच ब्रिटिश मंडळावर रदरफोर्ड व ब्रॅग यांच्यासारखे लोक होते, आणि पाण्याखालचा आवाज ऐकण्याच्या विद्येंत जी खरी प्रगति झाली ती अशा जाणत्यांच्या हातून झाली. पत्रांच्या पोत्यांतून ती निघाली नाहीं. जनतेकडून कल्पना मागविणें सोपें असतें, कारण त्यांत आपली कल्पना कोणापुढें ठेवावी लागत नाहीं. मागणारा दात्याच्या थाटांत बसतो आणि परीक्षा दुसऱ्याची होते. नामदेवांनींच थापटणें हातांत घ्यावें, तसा हा प्रकार आहे.

टिझर्ड समितीच्याच इतिहासांत दुसरा एक धडा आहे, आणि तो बाहेरच्यांविषयींच्या आमच्या उत्साहाला लगाम घालणारा आहे. १९३५ सालीं चर्चिल यांचे स्नेही लिंडमन हे समितीवर आले. तेहि बाहेरचेच, ऑक्सफर्डचे प्राध्यापक, बुद्धिमान. पण त्यांच्या मागें एका मोठ्या पुढाऱ्याचें वजन होतें, आणि आपल्या आवडत्या योजनांसाठीं, विमानांच्या वाटेंत हवाई सुरुंग सोडावे इत्यादि, ते समितीला वेठीस धरूं लागले. १९३६ सालीं हिल व ब्लॅकेट यांनीं राजीनामे दिले. तेव्हां सरकारनें समिति मोडून लिंडमन यांना वगळून पुन्हा बांधली. पुढें चर्चिल पंतप्रधान झाले आणि पारडें फिरलें. १९४२ सालीं लिंडमन, म्हणजे आतांचे लॉर्ड चेरवेल, यांनीं जर्मन शहरांतील कामगारांचीं घरें बाँबनीं उद्ध्वस्त करण्याचें टिपण सादर केलें. सी. पी. स्नो यांनीं १९६० सालीं हार्वर्ड येथें दिलेल्या व्याख्यानांत सांगितल्याप्रमाणें, त्या टिपणांतील घरांचा आंकडा टिझर्ड यांना पांचपट व ब्लॅकेट यांना सहापट फुगलेला वाटला, आणि युद्धानंतर झालेल्या पाहणींत तो दसपट फुगलेला आढळला. स्नो यांच्या कथनांतील कांहीं तपशिलांवर पुढें वाद झाले आहेत. पण जाणत्यांचा आक्षेप वेळेवर आला, आणि ऐकणाऱ्यांनीं आधींच ठरविलेलें होतें, एवढें निश्चित. राजाच्या कानाशीं बसलेला बाहेरचा मनुष्य बाहेरचा राहत नाहीं. या एका चुकीच्या गुणाकाराखालीं किती घरें, किती पोरेंबाळें आणि किती तरुण वैमानिक चिरडले गेले, तें वाचकांनीं मनांत आणावें, म्हणजे सल्ला कोणाचा व केव्हां घ्यावा हा प्रश्न कचेरींतल्या शिष्टाचाराचा नव्हे हें ध्यानांत येईल.

गुप्ततेच्या पक्षाचा आक्षेप आतां फार वेळ घेणार नाहीं. टिझर्ड समितींतले लोक बाहेरचे होते. युरोपांतल्या इतर देशांतहि त्या वेळीं रडारचे प्रयोग गुप्तपणें चालूं होते. तरी इंग्लंडचें हें गुपित समितीच्या दारांतून फुटलें नाहीं. डॅव्हेंट्रीला विमान उडविणाऱ्या वैमानिकालाहि आपण त्या फेऱ्या कशासाठीं मारीत आहों हें सांगितलेलें नव्हतें म्हणतात. कोणाला काय सांगावें याचा विवेक करतां येतो; तो करण्याचे कष्ट चुकविण्यासाठीं सगळ्यांनाच कांहीं सांगूं नये, हें गुप्ततेचें रक्षण नव्हे. पुष्कळदां शत्रूपासून लपविण्याजोगें कांहींच नसतें. लपवावयाचें असतें तें इतकेंच, कीं पहिला हिशेब कोणी नीट केलेला नाहीं.

आपल्या देशाला या विद्येचा परिचय नव्हता असें कोणी म्हणूं शकणार नाहीं, कारण ती आपल्याकडे प्रत्यक्ष ब्लॅकेट यांच्याच हातून आली. नेहरूंच्या विनंतीवरून त्यांनीं १९४८ सालीं संरक्षण व शास्त्र यांच्या संबंधाविषयीं अहवाल सादर केला. त्याच वर्षीं संरक्षण-विज्ञान संघटना निघाली, आणि दौलतसिंग कोठारी हे विद्यापीठांतले पदार्थविज्ञानवेत्ते तिचे शास्त्रीय सल्लागार झाले. १९५८ सालीं तिच्यांत इतर संस्था मिळून आजची संरक्षण संशोधन व विकास संस्था झाली. म्हणजे जन्मच बाहेरच्या सल्ल्यानें झाला. पुढें काय झालें? कावेरी या विमान-एंजिनाला १९८९ सालीं मंजुरी मिळाली. तें एंजिन ज्या तेजस विमानासाठीं होतें, त्या विमानापासून २००८ सालीं त्याची फारकत झाली. अर्जुन रणगाड्याला मंजुरी १९७४ सालची. नियमित उत्पादनाचे पहिले रणगाडे लष्कराच्या हवालीं झाले २००४ सालीं, मधल्या तीस वर्षांत लष्कराच्या अपेक्षा वेळोवेळीं बदलल्या, आणि एंजिन अखेर जर्मन बसलें. जेट एंजिन बनविणें ही जगांत चार-दोन राष्ट्रांनाच साधलेली विद्या आहे, आणि आमच्या संशोधकांच्या कष्टांविषयीं आम्हांस आदरच आहे. त्यांतले कित्येक आमच्या वाचकांच्या घरांतलेच आहेत. पुण्याच्या पाषाण भागांतील त्या उंच कुंपणाआड कोणाचा जांवई तर कोणाची भाची काम करते, आणि तेथें घडलेला पिनाक अग्निबाण आम्हां सर्वांच्याच अभिमानाचा विषय आहे. पण एंजिनाचें वजन, त्याचा जोर, त्याला लागणारी धातुविद्या, आणि आपल्यापाशीं असलेलीं परीक्षणयंत्रें यांचा मेळ बसतो काय, हा विल्किन्सच्या तोडीचा एक-कागदी हिशेब पहिल्याच वर्षीं एखाद्या निर्विकार परक्याकडून करवून घेतला असता, तर निदान वीस वर्षांची मुदत वीस वर्षांची म्हणून सांगतां आली असती.

आमचे एक वृद्ध स्नेही यंत्रशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना एकदां अशाच एका संस्थेंत, जिचें नांव येथें घेत नाहीं, सल्ला देण्यासाठीं पाचारण झालें. गाडी आली, चहा झाला, शालजोडी झाली. मग चाळीस पानांचा कागद हातीं आला आणि अर्ध्या तासांत अभिप्राय द्यावा अशी विनंति झाली. स्नेही वाचूं लागले, तों शेवटच्या पानावर 'समितीनें योजनेस एकमतानें पाठिंबा दिला' हें वाक्य आधींच छापलेलें! त्यांनीं एक आंकडा चुकला आहे असें नम्रपणें दाखविलें. तेव्हां अध्यक्ष हंसून म्हणाले, "सर, तो टप्पा आतां मागें गेला." स्नेही शालजोडी घेऊन घरीं आले. थंडींत ती उपयोगी पडते, असें ते सांगत.

अलीकडे कांहीं सुधारणा झाल्या आहेत हें नाकारणें अन्यायाचें होईल. २०१८ सालीं नवोदित उद्योगांसाठीं 'आयडेक्स' ही योजना निघाली. २०२२-२३ च्या अंदाजपत्रकांत संरक्षण-संशोधनाच्या खर्चापैकीं पंचवीस टक्के उद्योग, नवोदित कंपन्या व विद्यापीठें यांना खुला करण्याचें जाहीर झालें. आम्ही त्याचें स्वागत करतों. परंतु या योजनांचा मुख्य सांचा असा आहे कीं, प्रश्न खात्यानें काढावा आणि उत्तरें बाहेरच्यांनीं आणावीं. हजार पौंडांच्या मेंढीचा प्रश्नहि खात्यानेंच काढला होता! प्रश्नच चुकला आहे असें सांगणाऱ्याला या स्पर्धेंत कोणतें बक्षीस आहे?

अमेरिकेंत १९६० पासून 'जेसन' नांवाचा शास्त्रज्ञांचा एक गट आहे. विद्यापीठांतील ही मंडळी उन्हाळ्याच्या सुटींत एकत्र जमून संरक्षण खात्याच्या प्रश्नांवर मत देतात, आणि आपले सभासद आपणच निवडतात. २००२ सालीं त्यांना पैसा पुरविणाऱ्या संस्थेनें आपल्या पसंतीचे तीन सभासद घ्या असा आग्रह धरला. गटानें तो मानला नाहीं, आणि करार गमाविला. थोड्याच दिवसांत त्याच सरकारच्या दुसऱ्या कचेरीला त्यांना आश्रय द्यावा लागला. व्हिएतनामच्या युद्धांत याच गटानें दिलेल्या सल्ल्याचा डाग त्यांच्यावर आहे, तो पुसला जाणार नाहीं. बाहेरचा मनुष्य निष्पाप असतो असा आमचा दावाच नाहीं. पण सल्लागार कोण हें ज्याला सल्ला हवा त्यानें ठरवूं नये, या एका नियमासाठीं भाकरी सोडण्याची त्यांची तयारी होती, हें आपल्याकडील सल्लागार-मंडळांनीं शालजोडीच्या घडींत लिहून ठेवावें.

अशीं माणसें आपण आणावयाचीं कोठून, असा शेवटचा प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याच्या मुद्रेवर बहुधा समाधान असतें. अहिल्यानगरला, म्हणजे परवांपर्यंतच्या अहमदनगरला, चिलखती दळाचें शिक्षणकेंद्र आहे. रणगाड्याच्या पोटांत उन्हाळ्याच्या दुपारीं बसून ज्यांची हयात गेली, अशीं माणसें तेथून निवृत्त होऊन आसपासच्या गांवांतच घर बांधून राहतात. त्याच शहरांत लष्करी वाहनांच्या संशोधनाची संस्थाहि आहे. नव्या रणगाड्याची पहिली रेघ पेन्सिलीनें कागदावर उमटते, त्या दिवशीं त्यांतल्या एखाद्या जुन्या सुभेदाराला खुर्ची देऊन, "सुभेदारसाहेब, यांत बसून पाणी कोठून प्याल, आणि पेट घेतला तर बाहेर कसे पडाल?" एवढें विचारण्यास किती खर्च येतो?